तेरावी डॉक्टर : भूमिका बाईला दिली, दोष द्यायचे राहिले

१६ जुलै २०१७. विम्बल्डनमध्ये पुरुष एकेरीची अंतिम लढत फेडररने जिंकली आणि त्यानंतर थोड्याच वेळात बीबीसीने एक छोटी चित्रफीत दाखवली. झाडांमधून कुणीतरी चालत येतं. अंगावर लांब कोट, चेहरा झाकलेला. हातात किल्ली येते, डोक्यावरची टोपी मागे सरते आणि अभिनेत्री जोडी व्हिटेकर दिसते. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेचा नायक पन्नासहून जास्त वर्षं पुरुष होता. आता तो, तेराव्या रूपात, स्त्री होणार होता.

लोकप्रिय पात्रांचं लिंग बदलावं की नाही, हा वाद गेली काही वर्षं सतत पेटतो आहे. त्यातलं हेच एक प्रकरण सविस्तर मांडायला मी घेतलं, कारण इतर ठिकाणी भांडण पहिल्याच पायरीवर अडतं: हे पात्र असं बदलूच कसं शकतं? इथे ती पायरी कथेनेच ओलांडून दिली होती. त्यामुळे खरा प्रश्न उघडा पडतो. बदल केल्यावर त्या पात्रासाठी लिहिलं काय? माझं मत आधीच सांगते. हा बदल करायलाच हवा होता. पण भूमिका देताना त्या नायिकेला चुकायचा हक्क दिला गेला नाही. वाद इतका कर्कश होता की ही उणीव बराच काळ कुणाला नीट बोलताही आली नाही.

कथेत आधीपासून असलेली वाट

मालिका सुरू झाली २३ नोव्हेंबर १९६३ रोजी. डॉक्टर हा परग्रहावरचा कालप्रवासी, निळ्या पोलीस-पेटीसारख्या दिसणाऱ्या यानातून फिरणारा. पहिली निर्माती व्हेरिटी लँबर्ट ही तेव्हा विशीतली तरुणी होती. पहिल्या भागाचा दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौत जन्मलेला. म्हणजे पडद्यामागे ही मालिका पहिल्या दिवसापासून प्रस्थापित चौकटीबाहेरच्या माणसांनी उभी केली होती.

१९६६ मध्ये मुख्य अभिनेते विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना. मालिका तर लोकप्रिय होती, बंद करायची नव्हती. तेव्हा युक्ती निघाली की डॉक्टर मरणाच्या दारात पोचला की त्याचं शरीर नवं होतं, स्वभावही बदलतो, आठवणी मात्र त्याच राहतात. पॅट्रिक ट्राउटन आले आणि प्रेक्षकांनी त्यांना स्वीकारलं. एका नटाच्या आजारपणातून निघालेला हा तोडगा पुढे मालिकेचा प्राणच झाला. वय, उंची, बोलण्याची ढब, स्वभाव, सगळं बदलत गेलं. न बदललेली गोष्ट एकच उरली होती.

ती बदलावी, ही कल्पना अजिबात नवी नव्हती. टॉम बेकर यांनी १९८० मध्ये भूमिका सोडताना आपल्यानंतर येणाऱ्या 'त्याला किंवा तिला' शुभेच्छा दिल्या. तो प्रसिद्धीचा डाव होता, पण दार किलकिलं झालं. १९८६ मध्ये मालिकेच्या मूळ जनकांपैकी एक, सिडनी न्यूमन यांनी बीबीसीचे अधिकारी मायकेल ग्रेड यांना पत्र लिहून पुढे डॉक्टरला स्त्री करावं असं सुचवलं. या पत्रातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. न्यूमन यांना झगमगीत, सर्वगुणसंपन्न अशी महानायिका नको होती. ज्या नायक-नायिकेत दोषच नाही ती कंटाळवाणी होते, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. हा इशारा बत्तीस वर्षांनी किती खरा ठरला ते पुढे येईलच.

पुढे मुख्य लेखक स्टीव्हन मॉफट यांच्या काळात जमीन आणखी भुसभुशीत केली गेली. २०१४ मध्ये डॉक्टरचा जुना वैरी 'मास्टर' हा मिसी नावाची स्त्री होऊन परतला. २०१५ मध्ये डॉक्टरच्याच ग्रहावरचा एक गोरा सेनापती पडद्यावर, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, कृष्णवर्णीय स्त्री झाला. त्यामुळे २०१७ मध्ये 'नियमात बसत नाही' म्हणणाऱ्यांना कथेतून आधार नव्हता.

वाद काय होता

शिव्याशाप बाजूला ठेवू. ते खूप झाले, आणि आदल्याच वर्षी 'घोस्टबस्टर्स' या चित्रपटाच्या स्त्री-संचातल्या लेस्ली जोन्स हिला समाजमाध्यमावर जो वंशद्वेषी छळ सोसावा लागला, त्याची सावली या प्रकरणावरही होती. पण गंभीरपणे ऐकावेत असे आक्षेपही होते.

सर्वांत मनापासून आलेला आक्षेप पाचव्या डॉक्टरचा, म्हणजे पीटर डेव्हिसन यांचा. व्हिटेकरच्या अभिनयाबद्दल त्यांना शंका नव्हती. त्यांचं दुखणं वेगळं होतं. मारामारीऐवजी बुद्धीने आणि दयेने मार्ग काढणारा नायक मुलग्यांसमोर फारसा येत नाही, तो आदर्श हातचा जाईल, असं त्यांना वाटत होतं. सहावे डॉक्टर कॉलिन बेकर यांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं: मुलग्यांना पन्नास वर्षं हा आदर्श मिळालाच आहे, आणि आदर्श मानायला तो आपल्याच लिंगाचा असावा लागत नाही.

मला बेकर यांचं उत्तर पटतं, तरी डेव्हिसन यांचं म्हणणं उडवून लावावं असं वाटत नाही. हळुवार पुरुष नायक दुर्मीळ आहेत हे खरंच आहे. फक्त त्याचा उपाय असे आणखी पुरुष लिहिणं हा आहे, एकुलती एक जागा कायम राखून ठेवणं हा नाही. शिवाय मुली आजवर पुरुष डॉक्टरमध्ये स्वतःला पाहत आल्याच होत्या. तीच कल्पनाशक्ती मुलग्यांना झेपणार नाही, असं धरून चालणं हा मुलग्यांचाच अपमान आहे.

दुसरा आक्षेप नेहमीचा: जुन्या पात्राला हात का लावता, नव्या स्त्रिया लिहा की. अनेक ठिकाणी हा आक्षेप बिनतोड असतो, विशेषतः जिथे लिंगबदल ही फक्त जाहिरात असते. पण नव्या पात्राला पन्नास वर्षांचं प्रेम, शनिवार-रविवारची मोक्याची वेळ आणि आजीपासून नातवापर्यंतचा प्रेक्षक आयता मिळत नाही. तो वारसा एखाद्या स्त्रीच्या हाती देणं याला वेगळं मोल आहे. पैशाचा प्रश्नही त्याच आठवड्यात पुढे आला. घोषणेनंतर तीनच दिवसांनी बीबीसीने दीड लाख पौंडांहून जास्त मानधन घेणाऱ्यांची यादी जाहीर केली आणि त्यात दोन तृतीयांश पुरुष निघाले. व्हिटेकरला आधीच्या डॉक्टरइतकंच मानधन मिळेल, हे बीबीसीला सांगावं लागलं.

ज्या गोष्टीबद्दल बोलणं व्हायला हवं होतं ती लेखकांच्या टेबलाची होती. २००८ नंतर थेट २०१५ पर्यंत या मालिकेचा एकही भाग कुठल्या स्त्रीने लिहिला नव्हता. नायिका होण्याआधीचं खरं रिकामेपण ते होतं.

पडद्यावर

पहिला भाग ७ ऑक्टोबर २०१८ रोजी आला. नवी डॉक्टर शेफील्डमध्ये एका आगगाडीच्या छतातून आत पडते. यास्मिन खान ही तरुण पोलीस तिला 'मॅडम' म्हणते, तर हिला कळेना की मॅडम का. स्त्री आहात म्हणून, असं उत्तर येतं. त्यावर तिला आधी आश्चर्य वाटतं, मग ती आनंदाने विचारते की शोभतंय का मला? अर्ध्या तासापूर्वी आपण पांढऱ्या केसांचे स्कॉटिश गृहस्थ होतो, हेही ती सांगून टाकते. इतकंच. ना भाषण, ना सफाई. पुढे ती एका गॅरेजमध्ये चष्मा चढवून, ठिणग्या उडवत, शेफील्डच्या पोलादातून स्वतःचं यंत्र स्वतः घडवते. या भागातला आत्मविश्वास मला आजही मोहवतो.

मग मुख्य लेखक ख्रिस चिब्नल यांनी जे केलं ते चांगल्या हेतूने केलं, पण त्यात घात होता. डॉक्टरबरोबर तीन सोबती दिले: यास्मिन, रायन नावाचा तरुण, आणि त्याच्या आजीचा नवरा ग्रॅहम. रायनची आजी ग्रेस पहिल्याच भागात मरते. त्या पर्वाचं सगळं भावनिक ओझं पुढे ग्रॅहम आणि रायन यांच्या शोकावर, त्यांच्या जुळत जाणाऱ्या नात्यावर पडतं. पर्वाच्या शेवटच्या भागात सूड घ्यायचा की नाही हा निर्णयही ग्रॅहमचा. पहिल्या स्त्री डॉक्टरचं पहिलं पर्व, आणि त्यातला आतून बदलणारा माणूस आहे सोबत आलेला एक आजोबा. डॉक्टर सगळ्यांना धीर देते, समजावते, मायेने बोलते. तिला स्वतःला काही हवंय, काही सलतंय, ती कुठे चुकतेय, असं दहा भागांत फारसं दिसत नाही.

आधीच्यांची आठवण काढा. डेव्हिड टेनंट या नटाचा डॉक्टर अहंकारापायी काळाचे नियम मोडायला निघतो आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी जीव देऊन मोजावी लागते. व्हिटेकरच्या लगेच आधीचा, पीटर कपाल्डीचा डॉक्टर रुक्ष, तुसडा. मी चांगला माणूस आहे का, हा प्रश्न घेऊन तो एक अख्खं पर्व वावरतो. या सगळ्यांना दोष दिले म्हणून ते मोठे झाले. व्हिटेकरची डॉक्टर दोषाविना उभी केली, कारण तिच्या प्रत्येक चुकीवर कुणीतरी 'बघा, बाई होती म्हणून' असं म्हणायला टपलेलं होतं. ही भीती मी समजू शकते. पण भीतीपोटी लिहिलेलं पात्र पडद्यावर सभ्य दिसतं आणि लक्षात राहत नाही.

याच पर्वात दोन भाग मात्र असे आहेत की त्यांनी या बदलाचं खरं सोनं केलं. विशेष म्हणजे दोन्ही चिब्नल यांनी लिहिलेले नाहीत.

पहिला विनय पटेल यांचा, ११ नोव्हेंबर २०१८ चा. ऑगस्ट १९४७, पंजाब, फाळणी तोंडावर आलेली. यास्मिनची आजी उंब्रीन, मुसलमान, प्रेम नावाच्या हिंदू तरुणाशी लग्न करतेय. लग्नाआधी बायका मेंदीला बसतात आणि डॉक्टर त्यांच्यात हात पुढे करून बसलेली असते. आपण पुरुष असताना हे कधी केलंच नाही, असं ती हरखून बोलून जाते, आणि सगळ्या बघायला लागल्यावर थट्टा केली म्हणून सावरून घेते. दृश्य छोटं आहे. पण पन्नास वर्षांत विश्वाचा कानाकोपरा पालथा घातलेल्या या प्रवाशाला ती खोली आजवर बंद होती. तिथे बायका पुरुषांच्या अपरोक्ष काय बोलतात, कशाला घाबरतात, हे डॉक्टरला पहिल्यांदा आतून ऐकू येतं. पुढे हीच डॉक्टर त्या दोघांचं लग्न लावते आणि त्याच दिवशी प्रेमला मरताना थांबवू शकत नाही. मेंदीची ती रात्र पाहिलेली असल्यामुळे तो आघात वेगळा बसतो.

दुसरा भाग दोनच आठवड्यांनी आला, जॉय विल्किन्सन यांचा. सतराव्या शतकातलं लँकशायर, चेटकीण ठरवून बायकांना पाण्यात बुडवणारं गाव. डॉक्टरकडे एक जुनी युक्ती असते: कोरा कागद, ज्यावर समोरच्याला पटेल तेच ओळखपत्र दिसतं. दर वेळी तो दाखवला की दारं उघडतात. इथे राजा जेम्स तो कागद पाहतो आणि त्याला दिसतं की ही बाई चेटकीण-शोधकाची मदतनीस आहे; मुख्य माणूस ग्रॅहमच असणार. कागद तोच, पण स्त्री वरिष्ठ असू शकते हे राजाच्या डोक्यातच येत नाही, मग कागद दाखवणार तरी काय? डॉक्टर वैतागून म्हणते की अजून पुरुष असते तर स्वतःची सफाई देत बसण्याऐवजी काम उरकलं असतं. शेवटी तिलाच साखळदंडाने बांधून पाण्यात लोटतात.

एका भागात बाईपणामुळे बंद खोली उघडली, दुसऱ्यात उघडं दार बंद झालं. पात्राचं लिंग बदलण्याचं समर्थन करायचं तर ते असंच करता येतं: जी गोष्ट आधी सांगताच येत नव्हती ती सांगून. बाकीच्या भागांत संवाद तसेच ठेवून पुन्हा पुरुष आणला असता तरी फरक पडला नसता. काही जण यालाच समानता म्हणतात. मला ते संधी दवडणं वाटतं.

दोष दिला तेव्हा काय झालं

फेब्रुवारी २०२० मधल्या एका भागात ग्रॅहम डॉक्टरला सांगतो की कर्करोग परत येईल अशी भीती वाटते. ती गोंधळते. मला धीराचं बोलता येत नाही, मी आता तिकडे जाऊन काहीतरी बघत उभी राहते, मग थोड्या वेळाने सुचेल काय बोलायला हवं होतं ते, अशा अर्थाचं काहीतरी बोलते. बीबीसीकडे तक्रारी गेल्या आणि बीबीसीला खुलासा करावा लागला.

आता २०१५ मधलं दृश्य आठवा. कपाल्डीच्या डॉक्टरला सांत्वन जमत नाही म्हणून त्याच्या सोबतिणीने त्याला वाक्यं लिहिलेली पत्तेवजा कार्डं करून दिलेली असतात. माणूस मेलेला असताना तो ती चाळत बसतो. लोकांना ते लोभस वाटलं, आजही वाटतं.

दोन्ही प्रसंग तंतोतंत सारखे नाहीत. ग्रॅहम हा जवळचा मित्र आहे, विषय कर्करोगाचा आहे, आणि ते दृश्य घाईघाईत उरकलं आहे. तरी मुळातला दोष एकच: लोकांच्या दुःखासमोर शब्द न सुचणं. पुरुषात तो अवलियापणा ठरला, स्त्रीत तो निष्ठुरपणा. मायेने बोलणं हे बाईचं कामच आहे, ही अपेक्षा तिथे उघडी पडली. म्हणून मला वाटतं की चिब्नल यांनी असे दोष पहिल्या दिवसापासून द्यायला हवे होते. प्रेक्षकांना त्याची सवय लागली असती, आणि तक्रारी झाल्या असत्या तरी त्या योग्य गोष्टीबद्दल झाल्या असत्या.

हे जमू शकतं याचा पुरावा याच मालिकेत होता: मिसी. मिशेल गोमेझने उभी केलेली ही बाई खुनशी, विनोदी, लाघवी, एकाकी. २०१७ च्या पर्वात ती कैदेत आहे आणि चांगलं होण्याचा खरोखर प्रयत्न करते आहे. पर्वाच्या शेवटी तिची गाठ पडते स्वतःच्याच आधीच्या पुरुष रूपाशी. त्याला तिचं सुधारणं हा अपमान वाटतो. ती त्याला भोसकते, तो तिला पाठीत मारतो. एकाच पात्राची दोन लिंगं समोरासमोर उभी करून, बदलायची तयारी कुणात आहे हा प्रश्न विचारणारं याहून धारदार दृश्य मला माहीत नाही. मिसीवर टीका झाली, पण ती लेखनाच्या बळावर टिकून राहिली. अर्थात खलनायिकेला वाईट वागण्याची मुभा असतेच. नायिकेला ती द्यायला धैर्य लागतं.

आकड्यांचं भांडण

व्हिटेकरचा पहिला भाग सगळे प्रेक्षक मिळून सुमारे १ कोटी ९ लाख लोकांनी पाहिला. २०२० च्या पर्वाची सरासरी साधारण ५४ लाखांवर आली. 'बाईमुळे प्रेक्षक गेले' असं म्हणणारे या दोनच आकड्यांवर थांबतात. पण कपाल्डीच्या शेवटच्या, २०१७ च्या पर्वाची सरासरीही जवळपास ५४-५५ लाखच होती. म्हणजे कुतूहलाने आलेली गर्दी ओसरली आणि आकडा मूळ जागी आला. ठरलेल्या वेळी टीव्हीसमोर बसणारे त्या काळात सगळीकडेच कमी होत होते, हेही यात धरावं लागतं. आकड्यांतून लिंगबदलाच्या विरोधात काही सिद्ध होत नाही आणि बाजूनेही नाही. इतकी मोठी गर्दी एकदा आली होती आणि तिला धरून ठेवता आलं नाही, ही खंत मात्र उरते, आणि तिचं उत्तर संहितेत शोधावं लागतं.

तिथेच वादाने सर्वांत मोठं नुकसान केलं. संहिता सपाट आहे म्हणावं तर स्त्रीद्वेष्टा ठरण्याची भीती, आणि व्हिटेकर मेहनत घेते आहे म्हणावं तर अजेंडा चालवता असा आरोप. मधल्या जागेत उभं राहून मेंदीचं दृश्य का जमलं आणि शेवटचा भाग का नाही, हे बोलणाऱ्यांना दोन्हीकडून कुणी ऐकलं नाही. यास्मिनचं डॉक्टरवर प्रेम आहे, हे २०२२ च्या पहिल्या दिवशी आलेल्या विशेष भागात स्पष्ट झालं, तेव्हा व्हिटेकरच्या निरोपाला जेमतेम दहा महिने उरले होते. पुरुष डॉक्टर आणि त्याची सोबतीण रोझ यांच्या प्रेमाला दोन पर्वं मिळाली होती.

२३ ऑक्टोबर २०२२ रोजी व्हिटेकरच्या डॉक्टरने कड्यावर उभं राहून निरोप घेतला आणि तिच्या जागी पुन्हा डेव्हिड टेनंट आला. शरीराबरोबर कपडेही बदलले. रूपांतर झालं की नवा डॉक्टर जुन्याच्या कपड्यांत धडपडतो, ही बहुतेक वेळची रीत, पण इथे ती मोडली. परतलेले मुख्य लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी नंतर कारण सांगितलं: पुरुष नट तिच्या कपड्यांत दिसला असता तर वृत्तपत्रांनी ते छायाचित्र टवाळीसाठी वापरलं असतं, आणि त्यांना ते नको होतं. डेव्हिस यांचा निर्णय मला समंजस वाटतो. २०१७ च्या नाताळात व्हिटेकर कपाल्डीच्या सैल कोटात दिसली तेव्हा कुणाला हसू आलं नव्हतं. उलट दिशेने जाताना मात्र कपडे आधीच बदलून ठेवावे लागले.